मुलांना ‘उलटा वर्ग’ पटला का? नुसते हात वर करून ते कळत नाही



गेल्या वर्षी पाचवीच्या गणिताला मी ‘उलटा वर्ग’ करून पाहिला. इंग्रजीत त्याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. आपल्याकडे नेहमी शिकवणं शाळेत होतं आणि उदाहरणं घरी गृहपाठाला. इथे ते उलटं करायचं. नवीन घटकाची ओळख मुलांनी घरी छोट्या व्हिडिओतून करून यायचं आणि उदाहरणं सोडवणं, चुकणं, भांडणं, परत सोडवणं हे सगळं वर्गात, शिक्षकांसमोर. आमची पोरं त्याला ‘उलटी शाळा’च म्हणायला लागली.

घटक होता सममूल्य अपूर्णांक. पाच-सहा मिनिटांचे व्हिडिओ मी स्वतःच मोबाईलवर तयार केले. भाकरी, कागदाच्या पट्ट्या, आपलीच भाषा. ते पालकांच्या ग्रुपवर टाकले. पंधरा दिवसांनी वर्गाला विचारलं, “काय रे, आवडलं का असं शिकायला?” सगळ्या वर्गाचे हात वर. एकाने तर दोन्ही हात वर केले. मला कोण आनंद झाला! घरी जाऊन उपक्रमाच्या वहीत लिहिलं, “सर्व विद्यार्थ्यांनी ही पद्धत आनंदाने स्वीकारली.”

हे वाक्य खोटं होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

चार चतकोर

व्हिडिओच्या शेवटी मी एक प्रश्न दिला होता. एका भाकरीचे चार सारखे तुकडे केले आणि दोन खाल्ले. त्याच भाकरीचे आठ सारखे तुकडे केले असते, तर तेवढीच भाकरी खायला किती तुकडे खावे लागले असते? उत्तर वहीत लिहून आणायचं होतं. वह्या तपासताना एकीच्या वहीत दिसलं, ‘४ चतकोर’. आता चार चतकोर म्हणजे तर पूर्ण भाकरी झाली! चूक गमतीची होती. पुढची वही उघडली, तिच्यातही ‘४ चतकोर’. अक्षर वेगळं, चूक तीच.

शाळा सुटल्यावर त्या दुसऱ्या मुलीला जवळ घेतलं.

“व्हिडिओ बघितलास का गं?”

“न्हाई मॅडम.”

“का?”

“फोन पप्पांकडं असतो. पप्पा मुंबईला. आज्जीकडं साधा फोन हाय.”

“मग आधीचे तरी बघितलेस?”

मान खाली.

“मग काल हात का वर केलास बाळा?”

“सगळ्यांनी केला... आन् तुमाला बरं वाटावं म्हणून.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा दिवस ही मुलगी एकही व्हिडिओ न पाहता वर्गात येत होती. मी मात्र “घरी पाहिलंय ना? चला, आता सोडवा” म्हणून पुढे जात होते. पूर्वी निदान फळ्यावर शिकवलेलं तरी तिच्या कानावर पडायचं. माझ्या नव्या पद्धतीने तेही काढून घेतलं होतं आणि वर माझ्या वहीत तिचा ‘आनंदाने स्वीकार’ नोंदवलेला होता.

म्हणून आज लिहायचं आहे ते व्हिडिओ कसा करावा याबद्दल नाही. मुलांनी एखादी पद्धत स्वीकारली की नाही, हे आपण मोजतो कसं, त्याबद्दल आहे. माझं मत आधीच सांगते. आधी पोहोच मोजा, मग स्वीकार मोजा, आणि शिकणं या दोन्हींपेक्षा वेगळं मोजा. या तिन्हींची खिचडी झाली की सगळ्यात गरीब मूल आपल्या अहवालातून गायब होतं.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाच्या छोट्या गावात जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. खेळाच्या स्पर्धा आणि इतर कार्यक्रमांमुळे त्यांच्या मुलांचे तास बुडायचे. अशा मुलांसाठी त्यांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की मुलांना आपली खरी गरज लागते ती उदाहरण अडल्यावर, आणि नेमके तेव्हाच आपण त्यांच्याजवळ नसतो.

सुरुवात गैरहजर मुलापासून झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या जावळी तालुक्यात गैरहजेरीची कारणं वेगळी. जुलैत भातलावणी, मग सलग पाऊस, कधी गावची जत्रा, कधी चार दिवस मुंबईला आई-वडिलांकडे. तरी अडचण तीच. जी पद्धत मागे राहणाऱ्या मुलासाठी निघाली, तिनेच आपल्याकडे मूल मागे राहत असेल, तर आपण तिची फक्त नक्कल केली असं म्हणावं लागेल.

आणि ‘वर्गातला वेळ करून बघण्यासाठी’ हा यातला निम्मा भाग आपल्या जिल्ह्याला नवा नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत वर्गात आणली. फरशीवर आखलेल्या चौकटी, काड्यांचे गठ्ठे, गटात बसून शिकणारी मुलं हे सगळं पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते. आपल्यापैकी कितीतरी जण तिथे जाऊन आले असतील. घरी पाहून येण्याचा दुसरा भागही आपण अनुभवलाय. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांतही आले, आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याच वर्षी कोरोनात शाळा बंद झाल्यावर रोज लिंक यायच्या, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. तेव्हा अख्खा महाराष्ट्रच घरी बसून पाठ पाहत होता. कोणाकडे फोन आहे आणि कोणाकडे नाही, हे आपण तेव्हा दारोदार फिरून पाहिलं होतं. तीन-चार वर्षांत मी ते विसरले, ही माझी चूक.

मोठ्यांची फूटपट्टी लहानांना लागत नाही

लोक नवीन तंत्र स्वीकारतात की नाही हे मोजण्याचं एक शास्त्र आहे. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये त्याची सोपी मांडणी केली. माणूस दोन गोष्टी बघतो. हे मला उपयोगी आहे का? आणि हे वापरायला सोपं आहे का? पुढे २००३ मध्ये व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (डेव्हिसही त्यांत होते) आणखी दोन गोष्टी जोडल्या. आजूबाजूच्या माणसांना काय वाटतं, आणि लागणाऱ्या सोयी हाताशी आहेत का. उलट्या वर्गावर जी प्रश्नावली-संशोधनं होतात, त्यांतली बरीचशी याच मांडणीवर उभी असतात. “मला ही पद्धत उपयोगी वाटते” असं विधान आणि पुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा पाच चौकटी.

मांडणी चांगली आहे. पण डेव्हिस यांनी प्रश्न विचारले ते आयबीएमच्या कॅनडातल्या कर्मचाऱ्यांना आणि बोस्टनमधल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना. ती मोठी माणसं. कागदावर ‘असहमत’ लिहिलं म्हणून त्यांचं काही बिघडणार नव्हतं. आपल्या दहा वर्षांच्या लेकराचं तसं नसतं. प्रश्न विचारणारी मॅडम, पद्धत मॅडमची, व्हिडिओत आवाज मॅडमचा. “आवडलं नाही” म्हणायला त्याच्यात केवढी हिंमत पाहिजे!

यावर इंग्लंडमध्ये जॅनेट रीड यांनी काम केलं आहे. लहान मुलांना पाच चेहऱ्यांची पट्टी दिली, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, तर बहुतेक मुलं सगळ्यात हसरा चेहराच निवडतात, असं त्यांना दिसलं. मूल जितकं लहान, तितकं हे जास्त. म्हणजे हसऱ्या चेहऱ्यांची बेरीज करून ‘एवढे टक्के स्वीकार’ लिहिणं म्हणजे आपणच आपली पाठ थोपटून घेणं. त्यांचीच दुसरी युक्ती मला जास्त पटली. ‘आवडलं का’ असं विचारण्याऐवजी ‘हे परत करायचं का?’ असं विचारा आणि हो, कदाचित, नाही एवढेच पर्याय द्या. आवडलं म्हणायला काही लागत नाही. पण परत करायचं म्हटलं की मूल खरंच विचार करतं.

मी काय केलं: तीन ढीग

त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी व्हिडिओ थांबवले आणि चिठ्ठ्या घेतल्या. नाव लिहायचं नाही. सगळ्यांना एकसारखा कागद, एकसारखी पेन्सिल. पेटी दाराजवळ ठेवली आणि मी बाहेर व्हरांड्यात थांबले. चिठ्ठीवर तीनपैकी एकावर खूण करायची.

१. मी व्हिडिओ पाहिले.
२. मला पाहायचे होते, पण जमलं नाही.
३. जमत होतं, पण पाहावेसे वाटले नाहीत.

खाली एक ओळ मोकळी ठेवली, ‘का?’ असं लिहून.

चिठ्ठ्यांचे तीन ढीग केले तेव्हा डोळे उघडले. पहिला ढीग निम्म्या वर्गाचाही नव्हता. मधला ढीग त्याच्याइतकाच मोठा. तिसऱ्यात जेमतेम दोन-तीन चिठ्ठ्या.

मधल्या ढिगातली कारणं वाचा म्हणजे तुम्हालाही आपापला वर्ग दिसेल. ‘फोन दादा घेऊन जातो.’ ‘पप्पा रात्री येत्यात तवर मी झोपतो.’ ‘नेट संपला.’ ‘वरच्या वाडीत रेंज न्हाय.’ ‘व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो.’ ‘मम्मी म्हणती फोनला हात लावायचा न्हाई.’ यातलं एकही कारण गणिताबद्दल नाही, पद्धतीबद्दल नाही. ही मुलं पद्धत नाकारत नव्हती. पद्धतच त्यांच्या दारापर्यंत गेली नव्हती. त्यांना ‘उदासीन’ लिहिलं असतं तर तो अन्याय होता, आणि ‘स्वीकारलं’ लिहिलं तो खोटेपणा होता.

तिसऱ्या ढिगातल्या एका चिठ्ठीने मला बरंच शिकवलं. लिहिलं होतं, ‘व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही.’ हा मात्र खरा नकार. विचार करून दिलेला. त्यानंतर प्रत्येक व्हिडिओबरोबर ‘मला पडलेला एक प्रश्न’ ही जागा वहीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्या प्रश्नांनीच सुरू करायला लागले. सांगायचं काय, तर नकार आला म्हणून उपक्रम फसला असं नसतं. पण तो नकार ऐकू यायचा तर मधला ढीग आधी बाजूला काढावा लागतो.

पालकहो, तुमच्याशी दोन शब्द

एका पालकांनी मला स्पष्ट विचारलं, “मॅडम, शिकवायचं काम तुमचं. मग पोराला घरी व्हिडिओ कशापायी?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. शिकवण्याचं काम माझंच आहे आणि ते मी तुमच्यावर ढकलत नाही. घरी फक्त पाच मिनिटांची ओळख. पोरगं जिथे अडतं तिथे मी त्याच्याजवळ बसलेली असावी, म्हणून वर्गातला वेळ मला मोकळा हवाय.

दुसरी तक्रार असते, “फोन दिला की गेम नाहीतर रील.” तीही खोटी नाही. ‘असर’ च्या २०२४ च्या देशव्यापी ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. आपली मुलं त्यांच्यापेक्षा लहान आहेत, पण वाटचाल तिकडेच आहे. म्हणून माझी विनंती एवढीच. फोन मुलाच्या हातात देऊन उठून जाऊ नका. पाच मिनिटं शेजारी बसा. तुम्हाला अपूर्णांक आला नाही तरी चालेल. “काय सांगितलं रे मॅडमनी?” एवढं विचारलंत तरी माझं निम्मं काम झालं.

आणि ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांनी यासाठी कर्ज काढून फोन घेऊ नका. ती सोय करणं शाळेचं काम आहे.

आवडणं आणि शिकणं, दोन वेगळ्या गोष्टी

समजा, सगळ्यांपर्यंत व्हिडिओ पोहोचला आणि सगळ्यांना आवडलाही. मग गणित आलं का? ते अजून माहीत नाही.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यान दिलं, तर काहींना गटात प्रश्न सोडवायला लावले. सोडवणारे चाचणीत पुढे होते. पण “तुम्ही किती शिकलात?” असं विचारल्यावर त्यांनाच वाटलं, की आपण कमी शिकलो. कारण सोपं आहे. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः करायला गेलं की डोकं दुखतं, चुका दिसतात.

आमच्या वर्गातही हेच. पट्ट्या दुमडून १/२ आणि २/४ जुळवताना एक मुलगा कंटाळून म्हणाला, “मॅडम, तुम्हीच सांगा ना फळ्यावर.” त्या दिवशी विचारलं असतं तर त्याने ही पद्धत नाकारलीच असती. पण १/२ + १/४ ची बेरीज २/६ लिहिणारा हाच मुलगा नंतर पट्टी लावून म्हणाला, “२/६ तर अर्ध्यापेक्षा पण कमी येतंय, मग बेरीज कशी काय?” हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मी शिकणं वेगळं मोजते. घटकाआधी पाच उदाहरणं, घटक संपल्यावर त्याच धर्तीची पाच, आणि साधारण तीन आठवड्यांनी न सांगता पुन्हा पाच. या कागदाचा ‘आवडलं का’च्या कागदाशी संबंध जोडत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बरंच कळतं. आवडलं पण आलं नाही, तर व्हिडिओ नुसता करमणुकीचा झाला. आलं पण आवडलं नाही, तर माझी कामाची मात्रा जास्त झाली.

तुमच्या वर्गासाठी थोडक्यात

– सुरू करण्याआधीच पोहोच विचारा. मधल्या ढिगात एक जरी चिठ्ठी असेल, तर त्या मुलासाठी दुसरी वाट केल्याशिवाय घटक सुरू करू नका.

– दुसरी वाट महागडी नसते. आमच्याकडे आता परिपाठाच्या आधी अर्धा तास शाळेच्या टीव्हीवर पेनड्राइव्हने तोच व्हिडिओ लागतो. लाईट नसली तर मीच कागदाच्या पट्ट्या घेऊन बसते. घरी फोनशिवाय होणारी कामंही देते. भाकरीचे भाग, दुधाचा हिशोब, एसटीचं अर्धं तिकीट. ‘उलटं’ व्हायला व्हिडिओच लागतो असं कुठे लिहिलंय?

– ‘पाहिलं नाही’ म्हणणाऱ्याला उभं करू नका, गुण कापू नका. एकदा शिक्षा झाली की पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या येतात.

– ‘आवडलं का’ ऐवजी ‘पुढच्या घटकाला परत करायचं का’ विचारा. चिठ्ठी निनावी घ्या आणि तुम्ही समोर थांबू नका.

– मुलं काय करतात ते टिपा. कोण प्रश्न घेऊन आलं? कोणी व्हिडिओ मागे घेऊन परत पाहिला? कोणी न सांगता दुसऱ्याला समजावलं? बोललेल्यापेक्षा हे जास्त खरं असतं.

– अहवालात तिन्ही ढीग लिहा. मधला ढीग लपवू नका. वरिष्ठांना शंभर टक्के आवडतात हे मला माहीत आहे, पण शाळेला टीव्ही, टॅब, नेट मिळायचं असेल तर पुरावा त्याच मधल्या ढिगात आहे.

काही सहकारी म्हणतात, “हे सगळं शहरातल्या इंग्रजी शाळांचं. आपल्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत कशाला?” त्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. सोय नसताना लादू नये, हे खरं. पण एका वेळी दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला वर्गातला वेळ मोकळा मिळाला, तर त्याची गरज शहरापेक्षा आपल्यालाच जास्त आहे. पद्धत वाईट नाही. ती सगळ्यांना मिळाली की नाही हे न बघता ‘यशस्वी’ म्हणणं वाईट.

ती चार चतकोरवाली मुलगी आता सकाळच्या अर्ध्या तासाला सगळ्यात आधी येऊन बसते. मध्येच म्हणते, “मॅडम, मागं घ्या, परत दाखवा.” परवा मी सवयीप्रमाणे विचारून गेले, “समजलं का सगळ्यांना?” सगळे हात वर. तिचा खाली.

“काय गं?”

“छेद सारखे का करायचे त्ये न्हाई कळलं अजून.”

तो तास मी तिच्या प्रश्नावरच घेतला. नंतर कळलं, हात वर केलेल्या बऱ्याच जणांनाही ते कळलं नव्हतं. उपक्रमाच्या वहीतलं ते जुनं वाक्य मी खोडलं आणि खाली लिहिलं, “आज एका विद्यार्थिनीने हात वर केला नाही.”